देहूच्या वह्या

व्यापाऱ्याच्या घरातून वही हरवली तर काय होते, हे व्यापाऱ्याच्या घराला सांगावे लागत नाही. येणे कोणाकडे, देणे कोणाचे, मुदत कधीची, व्याज किती, सारा संसार त्या लाल पुठ्ठ्यात बांधलेला असतो. हिशोब आता संगणकावर गेले, तरी दिवाळीला चोपडापूजन चुकत नाही, ते काही निव्वळ सवयीने नव्हे. पिंपरी-चिंचवडला लागूनच असलेल्या देहू गावातील एका व्यापारी घराचे कागद पावणेचारशे वर्षांपूर्वी दोनदा इंद्रायणीत गेले. पहिल्या वेळी घरातल्या कर्त्या पुरुषाने ते स्वतःच्या हाताने, आपखुशीने सोडले. दुसऱ्या वेळी त्याच्यावर तशी सक्ती झाली. पहिल्या कागदांचा शोध कोणी घेतला नाही. दुसऱ्या वह्यांचा शोध मात्र पुढे अडीच-तीनशे वर्षे चालला आणि तो ज्या गावांतून फिरला ती गावे आज कारखान्यांच्या पट्ट्यात आहेत.

ते घर मोऱ्यांचे, आडनाव अंबिले. कुळ कुणब्याचे, धंदा वाण्याचा. गावची महाजनकी घराकडे होती, दुकान होते, सावकारी होती आणि वंशपरंपरेने आलेली विठ्ठलाची पूजा होती. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला सावजी, मधला तुकाराम, धाकटा कान्होबा. सावजीचे लक्ष प्रपंचात नव्हते, म्हणून पेढीचा भार लहान वयातच तुकारामांवर आला. आरंभी त्यांनी तो नीट वाहिलाही. पुढे आईवडील गेले, भावजय गेली, सावजी तीर्थाटनाला निघून गेला आणि १६३० चा दुष्काळ आला. दख्खनच्या इतिहासातील सर्वांत भीषण दुष्काळांपैकी तो एक. त्यात तुकारामांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतोबा गेला. गुरे मेली, उधारी बुडाली, गावात नाव गेले. मालाला गिऱ्हाईक नाही आणि दिलेले पैसे परत येण्याची आशा नाही, अशा वेळी पेढीवर बसणाऱ्या माणसाचे काय होते, याची कल्पना मंदीची वर्षे पाहिलेल्यांना येईल.

या पडत्या काळातील एक गोष्ट महिपतींनी आपल्या संतचरित्रात सांगितली आहे. तुकारामांची दुसरी पत्नी जिजाई ही पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची मुलगी. नवऱ्याची पत संपली होती, तिची नव्हती. तिने स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढले, नवऱ्याला भांडवल करून दिले आणि व्यापाराला धाडले. त्यांनी मीठ विकत घेतले, बालेघाटाकडे नेऊन विकले, पन्नास रुपये नफा झाला. परतीच्या वाटेवर कर्जापायी गांजलेला एक ब्राह्मण भेटला आणि मुद्दल-नफा दोन्ही त्याच्या पदरात पडले. घरी जिजाई कर्जाच्या धन्याला तोंड द्यायला उभी होती. ही कथा सांगताना बहुतेक कीर्तनकार तुकारामांच्या दातृत्वावर थांबतात. व्यापारी घरातील बायका मात्र त्या दोनशे रुपयांच्या कागदावर सही कोणाची होती, हे विसरणार नाहीत. जिजाईला कजाग म्हणण्याची रूढी पडली आहे, ती अन्यायाची आहे.

मग एके दिवशी तुकाराम घरातून नाहीसे झाले. आजच्या चाकण औद्योगिक वसाहतीच्या टप्प्यात शिंदे-वासुली गावांजवळ भामचंद्र डोंगर आहे. जुने नाव भामनाथ. तेथल्या गुहेत ते जाऊन बसले. अन्न नाही, पाणी नाही, अशी अवस्था. पंधराव्या दिवशी तेथे त्यांना साक्षात्कार झाला, असे परंपरा सांगते. इकडे घरात आकांत. थोरला भाऊ आधीच गेलेला, आता मधलाही गेला. उरला कान्होबा. तो शोधाला बाहेर पडला. भंडारा डोंगर, घोरवडेश्वराची लेणी, भावाच्या एकांताच्या साऱ्या जागा त्याला ठाऊक होत्या. रानोमाळ हिंडत तो अखेर भामनाथावर पोहोचला आणि भावाला घेऊन देहूला परतला. एका कुटुंबाने आपले हरवलेले माणूस शोधून आणण्यासाठी केलेला हा प्रवास वारकरी परंपरेत सांगितला जातो खरा, पण बहुधा एका ओळीत. खरी गोष्ट त्यापुढे इंद्रायणीच्या काठावर घडली.

काठावर येताच तुकारामांनी घरातील खते आणून देण्यास सांगितले. खते म्हणजे लोकांनी लिहून दिलेले कर्जरोखे. वडिलोपार्जित सावकारीचे सारे भांडवल त्या कागदांत होते. ती सगळी नदीत सोडून द्यायची, असा त्यांचा विचार होता. कान्होबाने हात धरला. तुम्ही साधू झालात, मला मात्र बायकामुले पोसायची आहेत, अशा अर्थाचे त्याचे म्हणणे होते. येथे तुकारामांनी जे केले ते व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी खतांचे दोन सारखे भाग केले. अर्धी कान्होबाच्या हाती दिली आणि त्याला वेगळे राहायला सांगितले. उरलेली, म्हणजे निर्विवाद स्वतःच्या वाट्याची, तेवढीच पाण्यात सोडली. अलीकडे या प्रसंगाला पहिली कर्जमाफी म्हणण्याची प्रथा पडली आहे. ते खरेच आहे, पण अर्धेच. भावाच्या वाट्यावर आपले वैराग्य लादण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्या वाटणीत अधिक स्पष्ट दिसते. एकत्र कुटुंबाच्या पेढीतून कोणी दीक्षा घेतो किंवा निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या भागाचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या समाजातील घरांना अपरिचित नाही. देहूच्या दोघा भावांनी तो एका दिवसात, कोणा पंचाविना सोडवला.

कर्जाचे कागद गेले आणि त्या घरात दुसऱ्या प्रकारच्या वह्या भरू लागल्या. तुकाराम अभंग रचू लागले. कीर्तनाला लोक जमू लागले, तशी ओरडही सुरू झाली. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे विद्वान ब्राह्मण. वेदांचा अर्थ शूद्राने प्राकृतात सांगावा हे त्यांना मान्य नव्हते. वह्या नदीत बुडवा, असा निवाडा झाला. तुकारामांनी वह्या दगडासह इंद्रायणीत सोडल्या आणि काठावरील शिळेवर ते अन्नपाण्यावाचून तेरा दिवस बसून राहिले. त्यानंतर वह्या कोरड्याच वर आल्या, ही वारकऱ्यांची श्रद्धा. गावोगावच्या लोकांच्या मुखी अभंग आधीच बसले होते, त्यांनीच ते तारले, असे अनेक अभ्यासक मानतात. ती शिळा देहूत आजही आहे. तिच्यावर बांधलेल्या शिळा मंदिराचे लोकार्पण जून २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. रामेश्वरभट्ट पुढे तुकारामांचे शिष्य झाले, हेही नोंदवायला हवे.

आता चाकणकडे वळायचे. चाकणला संताजी जगनाडे नावाचे तेली राहत होते. तेलाचा घाणा आणि व्यापार हा त्यांचा पिढीजात धंदा. हिशोब लिहिण्याएवढे अक्षरज्ञान घरातच मिळालेले. चाकणच्या चक्रेश्वर मंदिरात तुकारामांचे कीर्तन ऐकून ते त्यांच्याकडे ओढले गेले, असे सांगतात. तुकारामांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांचे नाव येते. पण टाळ वाजवणारे पुष्कळ होते. संताजींचे काम वेगळे होते. ते लिहून घेत. ज्या हाताने तेलाची उधारी टिपायची, त्याच हाताने अभंग टिपायचे. ज्याला रोजचा रोजमेळ रोज लिहिण्याची शिस्त आहे, त्याच्याच हातून असे काम होते. ऐकलेले उद्या लिहू, असे म्हणणारा माणूस ना पेढी चालवू शकतो ना गाथा जपू शकतो.

त्या काळात चाकण हे काही निवांत गाव नव्हते. १६६० मध्ये शायिस्ताखानाने चाकणच्या किल्ल्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो दोन महिन्यांच्या आसपास झुंजवला. ज्या गावावर अशी वेळ आली, तेथल्या एका तेल्याच्या हातच्या वह्या टिकल्या, ही साधी गोष्ट नव्हे. संताजींची समाधी तळेगाव-चाकण रस्त्यावरील सुदुंबरे येथे आहे. विसाव्या शतकात ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांनी जगनाड्यांच्या या वह्या मिळवल्या आणि १९१९ व १९२० मध्ये दोन भागांत छापल्या. पुस्तकाला त्यांनी ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ असे नाव दिले. त्या नावात थोडा वादही आहे. कारण त्याआधी एक मोठी गाथा छापून झालेली होती.

ती गाथा मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली सिद्ध केली आणि इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ व १८७३ मध्ये दोन खंडांत निघाली. तिच्यासाठी संपादकांनी कोणकोणत्या हस्तलिखितांचा आधार घेतला, ते पाहिले की या पट्ट्याचा नकाशा समोर येतो. एक प्रत देहूची, एक तळेगावची, एक कडूसची आणि एक पंढरपूरची. पंढरपूर सोडले तर बाकीची तिन्ही गावे आज एका दिवसात गाडीने पाहून होतात. तळेगावची प्रत एका कासाराच्या हातची, कडूसची तेथल्या मवाळ घराण्याकडची. तेली, कासार, गावोगावचे गृहस्थ, अशांच्या घरातून ही गाथा परत गोळा करावी लागली.

घराबाहेर पडून, परमुलखात जाऊन आपलेच धन परत आणण्याची अशी एक यात्रा जैन समाजानेही केली आहे. तिच्यातले मुख्य लोक महाराष्ट्रातले व्यापारी होते, म्हणून तिची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची नवव्या शतकातील ‘धवला’ टीका शतकानुशतके ऐकण्यातच उरली होती. तिच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत होत्या. त्यांचे दर्शन होई, वाचन होत नसे. १८८३ च्या सुमारास मुंबईचे जवेरी शेठ माणिकचंद हिराचंद संघासह मूडबिद्रीच्या यात्रेला गेले. तेथे त्यांना ताडपत्रे झिजत चाललेली दिसली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना त्यांनी हे कळवले. पुढे हिराचंदशेठ स्वतः श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरि शास्त्रींना घेऊन मूडबिद्रीला पोहोचले, कारण जुनी कन्नड लिपी वाचणारा माणूस बरोबर नसेल तर नुसते दर्शन घेऊन परतावे लागणार, हे त्यांनी ओळखले होते. वर्गणी जमली, विश्वस्तांची समजूत घालण्यात वर्षे गेली आणि १८९६ मध्ये नकलेला आरंभ झाला. ब्रह्मसूरि शास्त्री मध्येच निवर्तले. मिरजेचे गजपती शास्त्री मात्र कित्येक वर्षे लिहीत राहिले.

यातील पुढचा भाग अवघड आहे आणि तो टाळू नये. मूळ प्रत गावाबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी मूडबिद्रीकरांची अट होती. गजपती शास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने एक नक्कल गुपचूप स्वतःसाठी केली. ती सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांकडे पोहोचली, तेथून तिच्या आणखी नकला झाल्या आणि त्यांतूनच अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये ‘षट्खंडागम’चा पहिला खंड छापून काढला. अदत्तादान-विरमणाचे व्रत घेणारा समाज या नकलेकडे कसे पाहील, यावर त्या काळीही मतभेद होते. ज्यांनी प्रत राखली त्यांची सावधगिरी खरी होती, आणि नक्कल झाली नसती तर आज ग्रंथ हाती नसता हेही खरे आहे. लक्ष्मीबाईंचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते. या ग्रंथाची पुढची आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने काढली. यात्रेला निघालेल्या गावाकडेच ग्रंथ परतला.

देहूला परत यावे. गावातील विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात एक हस्तलिखित आहे. त्याला ‘भिजकी वही’ म्हणतात. इंद्रायणीतून वर आलेली आणि प्रत्यक्ष तुकारामांच्या हातची ती हीच, असे मानले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यात सुमारे ७०० अभंग असल्याची नोंद आहे. कवी दिलीप चित्रे यांनी तुकारामांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले आहे की त्या वहीत आता सुमारे २५० अभंग उरले आहेत. नदीने जी वही परत केली, तिची निम्म्याहून अधिक पाने कोरड्या जमिनीवर, भक्तांच्या गावात, सुरक्षित मानल्या गेलेल्या जागी कमी झाली. पाणी, आग, शत्रू यांपासून वही राखता येते. प्रसाद म्हणून, आठवण म्हणून, पाहायला म्हणून एकेक पान हाताळणाऱ्या आपल्याच माणसांपासून राखणे फार कठीण. ज्यांच्या घरी आजोबांच्या पेढीचे जुने चोपडे माळ्यावर पडले आहेत, त्यांनी ते एकदा खाली काढून पाने मोजून पाहावीत. त्या वहीची एक नक्कल पंढरपूरला आहे. म्हणजे शेवटी भिस्त पुन्हा दुसऱ्या गावातील प्रतीवरच.

इंद्रायणीच्या काठी आता भव्य गाथा मंदिर आहे. भिंतींवर संगमरवरात सारे अभंग कोरले आहेत. पुन्हा बुडणार नाहीत, अशी व्यवस्था झाली आहे. नदीची व्यवस्था मात्र झालेली नाही. आळंदीला इंद्रायणीवर साचणारा पांढरा फेस दरवर्षी वर्तमानपत्रांत दिसतो. त्यात शहरांचे सांडपाणीही आहे आणि उद्योगांचेही. या पट्ट्यात आपल्या समाजातील कित्येकांचे कारखाने, गोदामे, सुट्या भागांचे व्यवहार आहेत, म्हणून हा विषय दुसऱ्या कोणाचा नाही. ज्या भामचंद्र डोंगरावर कान्होबाला भाऊ सापडला, त्याच्या पायथ्याशी २००८ मध्ये एका बहुराष्ट्रीय रसायन कंपनीच्या संशोधन केंद्राविरुद्ध वारकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. रस्ते अडवले गेले, जाळपोळही झाली, आणि अखेर २०१० मध्ये तो प्रकल्प तेथून हलला. डोंगर फोडण्याविरुद्धच्या तक्रारी त्यानंतरही थांबल्या नाहीत. उद्योग हवेत की डोंगर, असा प्रश्न करणे सोपे आहे. तुकारामांनी केली तशी वाटणी करणे अवघड आहे, कारण येथे दुसरा वाटेकरी समोर बसून आपले म्हणणे मांडू शकत नाही.

तुकारामांच्या जाण्यानंतर कान्होबाने शोकाचे अभंग रचले. ते गाथेत आहेत. ज्या भावाने अर्धी खते मागून घेतली होती, त्याच भावाचे ते शब्द आहेत. जिजाईच्या पोटी जन्मलेले नारायण महाराज यांनी पुढे, १६८५ मध्ये, तुकारामांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीची वाट धरली.

मुलाबाळांना घेऊन ही वाट एका रविवारी पाहता येते. सकाळी लवकर देहू, मग भंडारा डोंगर, इंदुरीवरून तळेगाव-चाकण रस्त्याने सुदुंबरे, तेथून म्हाळुंगेमार्गे चाकण. या रस्त्यावर कंटेनरची रांग लागते, म्हणून दहाच्या आत पुढे सरकावे. चाकणला चक्रेश्वराचे दर्शन घेऊन शिंदे-वासुलीकडे वळावे. भामचंद्राला चढण आहे. वर सावली थोडी आहे, म्हणून पाणी बरोबर असावे आणि सूर्यास्तापूर्वीच्या चौविहाराची वेळ धरून खाली उतरावे. गुहेच्या तोंडाशी उभे राहिले की खाली मैलोगणती पत्र्याची छपरे दिसतात. कान्होबा आला तेव्हा तेथे रान होते.